कुंदनचा उजवा कान

"पमे, डोकं धर त्याचं. हलू देऊ नकोस, नाहीतर तार डोळ्यात जाईल."

मी डोकं धरलं. अण्णांनी चष्मा नाकावर सरळ केला, चिमट्यानं कापूस गुंडाळलेली चांदीची बारीक तार उचलली आणि ती कुत्र्याच्या कानाच्या आतल्या कडेनं बसवायला घेतली. त्यांची जीभ दातांमधून किंचित बाहेर आली होती. नथीचा शेवटचा मोती ओवताना ती अशीच बाहेर यायची.

कुंदननं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा अण्णांकडे पाहिलं आणि अण्णांचं नाक चाटलं. चष्मा खाली पडला.

"अहो, दुकानात गिऱ्हाईक बसलंय," आई पडद्याआडून म्हणाली. "मंगळसूत्राची वाटी निखळलीय बिचारीची. काय सांगू तिला? मालक कुत्र्याचा दागिना घडवताहेत म्हणून सांगू?"

"सांग. खोटं कुठं आहे त्यात?" अण्णा म्हणाले आणि चष्मा शोधायला लागले. चष्म्यावर कुंदन बसला होता.

करमाळ्याच्या सराफ गल्लीत आमचं पुढं दुकान, मागं घर आणि मधे एक पडदा. माझे वडील त्र्यंबकराव डहाळे, म्हणजे अख्ख्या गल्लीचे अण्णा, दागिने चांगलेच घडवायचे. पण त्यांचं खरं नाव होतं ते कान टोचण्यात. बारा दिवसांची बाळं यायची. अण्णा आधी कानाच्या पाळीशी दोन बोटांनी खेळायचे, शाईचा ठिपका द्यायचे, मग बाळाच्या आईला विचारायचे, "माहेर कुठलं ताई?" तिनं माहेरचं नाव घेईपर्यंत सोन्याची तार आरपार गेलेली असायची. बाळ रडायचं ते नंतर, उशिरा आठवल्यासारखं. ह्या कामाचं ते काही घ्यायचे नाहीत. नारळ आणि पसाभर तांदूळ, बस्स.

शेजारच्या गावच्या सुभेदार जगदाळ्यांची नात तर टोचताना झोपूनच राहिली. सुभेदार असे खूश झाले की गणपतीच्या दिवसांत एक पिशवी घेऊन आले. पिशवी हलत होती.

"त्र्यंबकराव, नारळाच्या ऐवजी हे घ्या. अस्सल अल्सेशियन! ह्याची आई पलटणीत होती."

पिशवीतून एक काळा-तांबूस गोळा निघाला. चार पाय, चारही वेगवेगळ्या दिशांना. आणि दोन कान, विड्याच्या पानासारखे खाली लोंबणारे. समोरच्या कापडदुकानातून बापू शेटे धोतराचा सोगा सावरत आलेच. गल्लीत काही नवं आलं आणि बापू आले नाहीत असं कधी झालं नाही.

"अल्सेशियनचे कान ताठ असतात हो," बापू म्हणाले. "ह्याचे तर वाळत घातल्यासारखे दिसताहेत."

अण्णांनी पिल्लाच्या कानाचं मूळ दोन बोटांत धरलं आणि डोळे मिटले. बाळाची पाळी बघताना मिटायचे तसेच.

"मुळाशी जाड आहे. उभे राहणार," ते म्हणाले. "मी उभा जन्म कान बघितलेत बापू, कापड नव्हे."

झालं! सराफ गल्लीत दिलेला शब्द म्हणजे दगडावरची रेघ. अण्णांनी त्याच पायावर पिल्लाचं नाव ठेवलं कुंदन. "अस्सल आहे ना? मग कुंदनच."

"पितळ आहे पितळ," आई म्हणाली. "आणि सोनाराच्या घरात कुत्रं? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

आईचा राग उगीच नव्हता. सोनाराच्या दुकानात जमिनीवर नुसती धूळ नसते. कानस मारताना उडालेला सोन्याचा कीस त्या धुळीत असतो. आम्ही केर कधी बाहेर टाकत नसू. डब्यात साठवायचा, हात धुतलेलं पाणीसुद्धा पिंपात ओतायचं. मग झारेकरी यायचे, ते सगळं घेऊन जायचे आणि धुऊन धुऊन त्यातलं सोनं काढायचे. अशा घरात चार केसाळ पाय दिवसभर दुकानातून रस्त्यावर आणि रस्त्यावरून दुकानात!

"ह्याच्या पायाला लागून आपलं सोनं गावभर जाईल," आई म्हणाली. "कुणाच्या दारात लक्ष्मी सांडेल, काय सांगावं!"

मी पिल्लाला उचलून पदराखाली घेतलं होतं. त्यानं माझ्या उजव्या कानाला नाक लावलं आणि तिथंच झोपी गेलं. त्या क्षणी ते माझं झालं. घरात माझ्यामागं भाऊ नाही, बहीण नाही. कॉलेज संपलेलं, दिवसभर मोती ओवायचे आणि स्थळांची वाट बघायची. मला ते पिल्लू हवं होतं, इतकं की मी आईच्या पाया पडायची बाकी राहिले होते.

"आई, मी पाय पुसत जाईन त्याचे. रोज. दहा वेळा."

आईनं माझ्याकडं पाहिलं, पिल्लाकडं पाहिलं. मग तिनं निकाल दिला. "तुळशीचं लग्न झालं की तुला बघायला माणसं यायला लागतील. तोवर ह्याचे कान उभे राहिले तर राखणीचं कुत्रं म्हणून राहील. नाही राहिले तर सुभेदारांच्या मळ्यात परत. पाहुण्यांनी म्हणायला नको, ह्या सोनाराला पितळ ओळखता येत नाही, पोरीचे दागिने तरी कसले घालणार!"

"कबूल," अण्णा म्हणाले.

मग सुरू झाला कानांचा तमाशा. दसऱ्याच्या आधी एका सकाळी डावा कान अर्धा वर आला. अण्णांनी गल्लीत पेढे वाटले. बापूंनी पेढा खाल्ला आणि म्हणाले, "अर्ध्या कानाचा अर्धाच पेढा द्यायचा होतात." दसऱ्याला दोन्ही कान वर होते, पण एकमेकांकडं झुकलेले, डोक्यावर हात जोडून नमस्कार केल्यासारखे. अण्णा म्हणाले, "सणावाराचं कळतं बघा त्याला." आणि कोजागिरीला दोन्ही धाडकन खाली! बापू ओट्यावरून ओरडले, "त्र्यंबकराव, पेढे परत घ्यायचे का?"

त्याच सुमाराला कुंदननं चावायला सुरुवात केली. माझी चप्पल, अण्णांची फुंकणी, आईच्या पोळपाटाची कड. अण्णांनी त्याला दूध-अंड्यावर ठेवलं, मी तीळतेलानं कान चोळत होते, आणि आई ओल्या फडक्यानं त्याचे पाय पुसत होती. हो, आईच. माझ्या पुसण्यावर तिचा विश्वास नव्हता. आठवड्यातून एकदा ती त्याला मोठ्या घमेल्यात आंघोळ घालायची आणि ते पाणी काही केल्या फेकायची नाही, पिंपात ओतायची. दिवाळीआधी झारेकरी येऊन गेला, पुढच्या खेपेला म्हणाला, "वैनी, औंदा पिंपाच्या पाण्यात चांगलं गुंजभर जास्त निघालं बघा."

आई त्या दिवसापासून कुंदनला पितळ म्हणायची बंद झाली. मेल्या म्हणायची.

दिवाळी झाली. डावा कान ताठ उभा राहिला, देवळाच्या कळसासारखा. उजवा मात्र वरच्या टोकाला दुमडलेलाच. तेव्हा अण्णांनी तार हाती घेतली. चांदीची तार तावून मऊ करायची, कानाच्या आकारात वळवायची, कापूस लावायचा आणि चिकटपट्टीनं बसवायची. तीन दिवस ठेवायची, काढायची. काढली की कान क्षणभर उभा राहायचा, विचार करायचा आणि सावकाश लवायचा.

"सोनारानंच कान टोचावे म्हणतात," बापू म्हणाले. "उभे करावे असं कुठं म्हटलंय? अहो, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं. तुम्ही तर कानाला नळी लावायला निघालात."

अण्णा एरवी बापूंना चार गोष्टी सुनावल्याशिवाय सोडायचे नाहीत. ह्या वेळी मुकाट्यानं दुसरी तार वळवायला बसले. मला वाटलं, दिलेला शब्द जातोय म्हणून वाईट वाटत असेल.

तुळशीचं लग्न लागलं आणि बार्शीच्या उदावंतांचा निरोप आला: रविवारी चार वाजता मुलगी बघायला येतो. ह्याआधी तीन स्थळं येऊन गेली होती. तिन्ही ठिकाणांहून पत्रिका जुळत नाही असा निरोप आला. त्यातल्या एकांना आम्ही पत्रिका दिलीच नव्हती, तरी जुळली नाही. म्हणून आई ह्या वेळी जास्तच काळजीत होती. रविवारी सकाळी तिनं मला पाटावर बसवलं आणि वेणी घालायला घेतली. माझी वेणी ती दुसऱ्या कुणाला घालू द्यायची नाही. केस कानांवरून खाली ओढून घट्ट बसवायची, आणि उजव्या कानाला अण्णांनी घडवलेली मोत्यांची टपोरी बुगडी. तेव्हाच्या पोरी बुगड्या घालत नसत. पण सोनाराची पोर म्हणून माझं खपून जायचं.

"सुभेदारांचा गडी आज बाजाराला आलाय," आई कंगवा फिरवत म्हणाली. "जाताना कुत्र्याला घेऊन जाईल. मी निरोप दिलाय."

"आई!"

"ठरलं होतं ना? तुळशीचं लग्न झालं. कान कुठं उभा आहे?"

मी अर्ध्या वेणीनं उठले आणि दुकानात पळाले. अण्णा कुंदनला मांडीत घेऊन बसले होते. ह्या वेळची तार जाड होती.

"ये, धर डोकं," ते म्हणाले. "आज बसवतोच. चार वाजेपर्यंत टिकला तरी पुरे."

मी धरलं. अण्णांनी तार आत सरकवली आणि कुंदन केकाटला. आतापर्यंत त्याला सगळा खेळच वाटत होता. ह्या वेळी लागलं.

"अण्णा, बास करा."

"थोडंसं दुखेल."

"दुखतंय त्याला. काढा ना!"

"काढायची नाही!" अण्णा ओरडले. ते माझ्यावर कधी ओरडत नसत. "गेल्या वेळी काढली तीच चूक झाली. जरा कळ काढली असती तर बसला असता कान."

"गेल्या वेळी कुठं लवकर काढलीत? चांगली तीन दिवस होती."

अण्णांचा हात थांबला. चिमटा तसाच हवेत राहिला.

"ह्याची नव्हे," ते म्हणाले.

बाहेर बापू कुणाला तरी लुगडं दाखवत होते. त्यांचा आवाज येत होता. अण्णा माझ्याकडं न बघता बोलायला लागले.

"बारा दिवसांची होतीस तू. गावचे कान मी बघणार आणि माझ्याच पोरीच्या कानाची कड वरून दुमडलेली. सुईण म्हणाली, कोवळं आहे तोवर वळवाल तसं वळेल, महिनाभर ठेवा. अशीच तार केली. असाच कापूस. बसवली. तू दूध पिईनास, झोपेनास. रात्रंदिवस तुझं रडणं. मला ते बघवेना गं. चौथ्या दिवशी काढून टाकली. सोनाराचा हात, पण काळीज सोनाराचं नाही." त्यांनी चष्मा काढला. "मग तू मोठी झालीस तशी बुगडी केली. निदान झाकेल तरी. आणि आता ती माणसं येतात, चहा पितात, तुझ्याकडं बघतात आणि पत्रिका जुळत नाही म्हणतात. महिनाभर दम धरला असता तर..."

ही सगळी वर्षं मला वाटत होतं, बुगडी म्हणजे अण्णांचं लाडाचं देणं. होतंच ते. पण त्यांना त्या बुगडीत दिवसरात्र आपली चूकच दिसत होती. मला रडू यायला लागलं, आणि त्याच वेळी कुंदन माझ्या त्याच कानाला नाक लावून फुरफुरायला लागला, म्हणून हसूही आलं. नाकातून पाणी आणि तोंडात हसू, अशी माझी अवस्था.

"अण्णा," मी म्हटलं, "माझा कान मला कधी दिसतच नाही हो. तो मागं असतो. तुम्हीच बघत बसलात आयुष्यभर."

मी बुगडी काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली. मग त्यांनी काही विचारायच्या आत कुंदनच्या कानातली तार काढली आणि तीही ठेवली. कुंदननं जोरात डोकं झटकलं. डावा कान उभा, उजवा दुमडलेला.

अण्णांनी त्या दोन्ही वस्तू तारेच्या डबीत ठेवल्या. मग उठून पडद्याकडं तोंड करून म्हणाले, "अगं, ऐकलंस का? सुभेदारांचा गडी आला की त्याला सांग, कुत्रं कुठं जायचं नाही. माझा शब्द गेला तर गेला."

पडदा हलला. आई तिथंच उभी होती, हातात माझा कंगवा. डोळे लाल.

"गडी मघाशीच मागच्या दारानं येऊन गेला," ती म्हणाली. "परत पाठवला त्याला."

"तू पाठवलास? का?"

"गुंजभर सोनं देणारं आंघोळीचं पाणी कोण घालवतं?" आईनं पदरानं नाक पुसलं. "आणि पमे, ये इकडं. वेणी अर्धीच राहिलीय. केस मागंच घेते आता, वेळ कुठाय?"

उदावंत चार वाजता आले. मुलगा मधुकर, त्याचे वडील आणि त्याची आई. त्या बाईंची नजर अशी की तराजूशिवाय वजन सांगतील. मी पोहे घेऊन गेले. केस कानामागं, कानात साधी कुडी. कुंदन माझ्या पाठोपाठ आला आणि माझ्या शेजारी, माझ्या उजव्या बाजूला, नीट पाय जुळवून बसला. त्याला कुणीही बोलावलं नव्हतं.

उदावंतकाकूंनी माझा कान पाहिला. मग कुंदनचा पाहिला. मग परत माझा.

"मुलीचा उजवा कान..." त्या म्हणाल्या.

"जन्मतःच तसा आहे," अण्णा म्हणाले. त्यांची मान ताठ होती. "मीच टोचलाय. बाकी चोख आहे."

"आणि कुत्र्याचा?"

"तोही चोखच."

मधुकरला पोह्याचा ठसका लागला. बिचारा लालेलाल झाला. मी पाणी पुढं केलं तेव्हा तो हसत होता आणि हसू लपवायला त्याला तांब्या पुरत नव्हता. ठसका थांबल्यावर त्यानं माझ्याऐवजी कुंदनकडं बघून विचारलं, "हा सध्या चावतो का फार?"

"चपला, फुंकणी, पोळपाट," मी म्हटलं. "मिळेल ते."

"मग दात येताहेत त्याचे. माझ्या मामांकडं दोन होते असे. दात येईपर्यंत कान असेच खेळ करतात. वर, खाली, एक वर, एक खाली. पक्के दात आले की आपोआप उभा राहील. त्याला काही लावू मात्र नका."

अण्णांनी तारेची डबी हळूच मांडीखाली सरकवली.

"अरे मधू," काकू म्हणाल्या, "आपण मुलगी बघायला आलोय की कुत्रं?"

"दोन्ही बघितली की," मधुकर म्हणाला. मग पहिल्यांदाच त्यानं सरळ माझ्याकडं पाहिलं. "दोघांच्याही कानाला काही लावू नका."

काकूंनी पोह्याचा घास घेतला, चावला. मग म्हणाल्या, "पोहे कुणी केले? मीठ बरोबर पडलंय." आईला तेवढ्यावरून कळलं. ती आत गेली आणि देवापुढं साखर ठेवली. पत्रिका आम्ही ह्याही वेळी दिली नव्हती; पण ह्या खेपेला ती जुळली.

लग्न माघात ठरलं. आणि संक्रांतीच्या सकाळी मी दार उघडलं तर कुंदन अंगणात बसलेला. दोन्ही कान ताठ! उजवा तर डाव्यापेक्षा कणभर उंचच. ना तार, ना तेल, ना कुणी बघत बसलेलं. अण्णा धावत आले, मुळाशी दोन बोटं लावली, डोळे मिटले आणि नुसते हसत राहिले. बापू शेटे तिळगूळ घेऊन रस्ता ओलांडून आले आणि त्यांनी हात जोडले. "बोटं खरी हो त्र्यंबकराव तुमची. तार तेवढी खोटी."

आई सगळ्यांच्या मागून आली. गल्लीला वाटलं, आता ही म्हणणार, राहील कुत्रं. ती कुंदनपुढं उकिडवी बसली आणि एका बोटानं तिनं उजवा कान हळूच खाली दुमडला. कान टणकन वर आला. तिनं परत दुमडला. परत वर.

"तसाच बरा दिसायचा मेला," ती म्हणाली.

दुपारी मी गुळाच्या पोळ्यांसाठी तीळ कुटत बसले होते. आई मागून आली. मला वाटलं तीळ बघायला आली असेल. तिनं चिमूटभर तीळ चोळून पाहिले, माझे केस बाजूला केले आणि तिळाच्या तेलकट बोटांनी माझ्या उजव्या कानाची ती दुमडलेली कड धरली. अगदी हलकेच. जन्मात पहिल्यांदा तिनं तो झाकायला नाही, नुसता धरायला हात लावला होता.

"हा तरी राहू दे बाई असाच," ती म्हणाली.